बॅक आउटच्या उलट काय?

बॅक आउटचा उलटा शब्द काय हो? नाही, मस्करी नाही करत... तुम्ही शिकलेली माणसं, भिंतीवर सर्टिफिकेटं लावलीत फ्रेम करून, म्हणून विचारतो. बॅक आउट म्हणजे काय ते मला आता चांगलं कळलंय, ते कुणी समजवायला नको, त्याला इंग्लिशमध्ये अजून काय काय म्हणतात तेही पाठ आहे, पण उलटा? उलटा कुणी सांगतच नाही! वकिलाला विचारला, त्यानं घड्याळ बघितलं. ट्यूशनच्या बाईंना विचारला, त्यांनी चहा दिला. आमच्या शेठला विचारला तर म्हणाला, बाळा, तू ग्रिलचं बघ. बघतोय, ग्रिलचंच बघतोय... काकू, ही मापाची टेप जरा खिडकीच्या त्या टोकाला धरा. हां, तिथंच. सोडू नका. बघा, तुम्हाला टेप धरा म्हटलं, तुम्ही धरलीत, विषय संपला! आणि तिकडं तीन बाप्ये, मिशावाले, त्यांना नुसतं खरं बोला म्हटलं होतं, तर वाट लावली माझी!

तुम्हाला सांगतो, माझा मोठा भाऊ सहदेव साकीनाक्याला एका गाळ्यात लेथवर आहे. होता. शिमग्यानंतर गेला. हे 'होता' अजून तोंडात बसत नाही बघा, मध्येच 'आहे' येतं, मग समोरचा माणूस खाली बघतो. तर गाळा म्हणजे काय, पत्र्याखाली चार मशिनी, एक मोटर आणि मोटरीपासून वर फिरणारा एक पट्टा. पट्टा जुना, सैल, सारखा पुलीवरून उतरणार. उतरला की काय करायचं? मोटर बंद करायची, पट्टा चढवायचा, मोटर चालू करायची. सोपं आहे ना? नाही! मोटर बंद केली की चारही मशिनी बंद, आणि मशिनी बंद झाल्या की त्यांचा नंदकुमारशेठ केबिनमधून मुंडी बाहेर काढणार, "काय रे, लग्नाला आलात काय सगळे?" म्हणून मोटर चालूच ठेवायची आणि फिरत्या पुलीवर पट्टा दांड्यानं ढकलून चढवायचा. सगळेच तसं करायचे. आणि त्या पट्ट्यावर एक जाळी असते, हात जाऊ नये म्हणून, ती दर वेळी खोलण्यात टाइम जातो म्हणून नंदकुमारशेठनं ती एक दिवस काढायला लावली आणि कोपऱ्यात टाकली भंगारात. त्या तीन मिशावाल्यांच्या डोळ्यांदेखत. आणि त्याच तिघांच्या डोळ्यांदेखत सहदेव दांडा घेऊन पट्टा चढवायला गेला आणि त्याची बाही पट्ट्यात...

पुढचं नको. काकूंच्या हातातनं टेप सुटली बघा.

तर इन्स्पेक्टर आला, सरकारी. विचारलं, जाळी कुठाय? नंदकुमारशेठ म्हणाला, "साहेब, यानंच काढली. मी घसा फोडून सांगायचो, ऐकायचाच नाही!" आणि त्या साहेबानं लिहिलं! कामगारानं स्वतः जाळी काढली, स्वतःच्या चुकीनं गेला. माझा भाऊ! घरातला बल्ब बदलायचा तर आख्ख्या चाळीचा मेन पाडायचा हा माणूस, लोक अंधारात शिव्या घालायचे, "सहद्या, मेल्या, आमचो भात करपलो!" तरी हलायचा नाही, बल्ब लागल्याशिवाय मेन चालू नाही! आणि हा जाळी काढणार?

मला दुसरं काही नको होतं. भरपाई, नोकरी, ते सगळं ज्याला पाहिजे त्यानं बघावं. मला ती एक ओळ खोडून पाहिजे होती. त्यासाठी तिघांनी साहेबांसमोर जाऊन एवढंच बोलायचं की जाळी शेठनं काढायला लावली. बस. एवढंसं वाक्य. पोपटाला शिकवलं असतं तर पोपट बोलला असता!

आता तिघं कोण ते ऐका. एक दशरथकाका. आमच्याच गावचे, घाटकोपरच्या टेकडीवर आमच्याच चाळीत वरच्या अंगाला राहतात. पूर्वी गिरणीत होते, संपात गिरणी गेली, मग ह्या गाळ्यात आले. दुसरा जयवंत, तोही आमच्याकडचाच, सहदेवबरोबर एका ताटात जेवलेला. तिसरा अंबादास, तो जालन्याचा, पण वागायला असा गोड की आमचाच वाटायचा. सहदेव गेल्यावर तिघं रोज यायचे, भिंतीला टेकून बसायचे, आणि म्हणायचे, "बाळा, काय लागेल ते सांग." आता मला असं काही बोलू नका हो! मी लगेच सांगतो ना! माझा स्वभावच तसा, डोक्यात आलं की पायात येतं. मी उठलो, खालच्या वाण्याकडून नारळ आणला, दशरथकाकांच्या हातात दिला आणि म्हटलं, काका, घाला गाऱ्हाणं. तिघांनी नारळावर हात ठेवा आणि देवासमोर सांगा, खरं ते बोलणार.

तुम्हाला गाऱ्हाणं म्हणजे माहीत असेलच, आमच्याकडं कोकणात देवाला मोठ्यानं सगळं सांगायचं, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं. म्हटलं की बांधला गेलात, सुटका नाही. दशरथकाकांचा आवाज तर काय विचारता, मंडळाच्या गणपतीत माइक लागत नाही त्यांना. उभे राहिले, गावाच्या दिशेला तोंड केलं आणि घातलं की हो! "बा देवा महाराजाऽऽ! आज ह्यो पोरगो तुझ्या पायाशी इलो हा!" आणि दोघं, "होय महाराजा!" "ह्येच्या भावावर जो आळ इलो हा, तो दूर कर!" "होय महाराजा!" "आमी तिघांनी जा बघला ता चार माणसांत सांगाची बुद्धी दी!" "होय महाराजा!" "आनी जो कोण शब्द फिरवीत, त्येका तू बघून घे!" "...होय महाराजा." शेवटचं जरा बारीक आलं. पण आलं! अंबादासला तर गाऱ्हाणं काय ते माहीतच नव्हतं, तरी सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडत होता. पलीकडच्या खोलीतल्या सुनंदाकाकू धावत आल्या, त्यांना वाटलं कुणाच्या अंगात आलं. आणि मी? मी रडत होतो. म्हटलं, झालं काम. देवाच्या दरबारात नोंद झाली, आता सरकारी साहेब म्हणजे काय मोठं!

होय महाराजा!

मग वकील केला. चंद्रप्रकाश वकील, स्टेशनजवळ बसतात, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर. अर्ज वहिनीच्या नावानं द्यावा लागतो म्हणाले. वहिनी म्हणजे सहदेवची बायको, शेवंती. तिनं सही केली. तारीख लागली. मी तारीख सांगायला जयवंतकडं गेलो. दार उघडलं, मला बघितलं, आणि आत जाऊन टमरेल घेऊन बाहेर आला. "बाळा, आलोच रे, जरा अर्जंट आहे." मी बसलो. त्याच्या बायकोनं पोहे दिले, खाल्ले. चहा दिला, प्यालो. भांडी घासून झाली तिची, हा येतोय कुठं? दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, परत टमरेल! संध्याकाळी गेलो, टमरेल! अहो माणूस दिवसातून किती वेळा जाईल? कॉलरा झालेला माणूस एवढा जात नाही! शेवटी मी आधीच सार्वजनिक संडासाच्या लाइनीत जाऊन उभा राहिलो. आला, मला बघितलं, आणि तसाच वळला, म्हणे "गेली रे... आता नाही येत!" मी ओरडलो, जयवंता, तू होय महाराजा म्हटलंस! तर लाइनीतला माणूस मला सांगतो, भाऊ, त्याला कशाला जबरदस्ती करता?

आता तुम्हीच सांगा, ह्याला काय म्हणायचं?

म्हटलं जाऊ दे. अंबादास आहे. गेलो. तर काय तुम्हाला सांगतो, मिठीच मारली! "बघितलं की बाळा! ह्या दोन डोळ्यांनी बघितलं. जाळी शेठनं काढायला लावली, मीच तर पाना दिला." मी खूश. झकास! दोन दिवसांनी आठवण करायला गेलो, तर म्हणतो, "बघितलं रे, पण त्या दिवशी एका डोळ्यात लोखंडाचा कीस गेला होता." बरं म्हटलं, एका डोळ्यानं बघितलं तर एका डोळ्यानं सांग. पुढच्या खेपेला म्हणतो, "ऐकलं मी सगळं, पण पाठमोरा होतो." त्याच्या पुढच्या खेपेला, "पाठमोरा म्हणजे बाहेर होतो, बिडीला." मी म्हटलं, अंबादास, तू बिडी पीत नाहीस! तर म्हणतो, "म्हणूनच बाहेर होतो, वासानं त्रास होतो!" मी जितक्या वेळा जातो तितका हा एक पाऊल मागं जातो. मला भीती वाटायला लागली, अजून दोनदा गेलो तर हा सांगेल मी मुंबईत आलोच नाही, अजून जालन्यातच आहे! म्हटलं, अरे, पण नारळावर हात ठेवलास ना तू? तर माझ्या खांद्यावर हात ठेवून एकदम गरीब आवाजात म्हणतो, "बाळा, तो तुमचा कोकणातला देव. तो मला कसा ओळखणार? आमच्या साइडला तो लागू नाही."

लागू नाही! देव म्हणजे काय बसचा पास आहे?

राहिले दशरथकाका. म्हटलं हा माणूस नाही हलणार, ह्यांनी तर गाऱ्हाणं स्वतः घातलंय. गेलो. काका बाकड्यावर बसले होते, पायांना तेल चोळत. म्हणाले, "झिला, बस. एक सांगाचा होता. त्या गाऱ्हाण्याचा काय खरा नाय." म्हटलं, म्हणजे? म्हणाले, "घरात सुतक होता ना रे? सुतकात देवाक हात लावूचो नसता. सुतकाच्या घरातलो नारळ देवाक पोचणा नाय." खरंच की हो! देव्हाऱ्यावर कापड टाकलेलं, दिवा नाही, काही नाही, आणि मी वाण्याकडून नारळ आणून गाऱ्हाणं घालायला लावतोय! आमच्याकडचं शेंबडं पोर पण ही चूक करणार नाही. मी म्हटलं, काका, तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं? "माहीत होता तर!" मग बोलला का नाही? म्हणाले, "तू रडत होतंस. रडत्या पोराक नाय कसा म्हणू?" आणि मग एवढ्या मोठ्यानं कशाला घातलं? तर शांतपणे तेलाची वाटी बाजूला ठेवून म्हणतात, "पोचणा नाय ता माहीत होता, म्हणान तर मोठ्यान घातलंय!"

होय महाराजा! म्हणजे बघा, त्या खोलीत सगळ्यात मोठ्यानं जो बोलत होता तो सगळ्यात मोकळा होता.

पण मी ऐकतो काय? तोवर तेरावं होऊन सुतक फिटलं होतंच, दुसरा नारळ आणला. चांगला, शेंडीवाला, पाणी हलवून बघितलेला. तिघांना निरोप दिला, रविवारी सकाळी या, परत घालू, ह्या वेळी रीतसर. देव्हारा धुतला, उदबत्ती लावली, सतरंजी टाकली. कोण आलं? कुण्णी नाही! जयवंत कुठं होता ते तुम्हाला सांगायला नको. अंबादासनं आपल्या पोराला पाठवलं, "पप्पांनी सांगितलंय पप्पा नाहीत." आणि दशरथकाका तापानं आजारी, म्हणे. उदबत्ती संपली. मी बसून. शेवटी वहिनीनं नारळ उचलला, फोडला आणि आमटीत घातला. म्हणाली, "भावजी, जेवून घ्या." आमटी चांगली झाली होती, तेच तर डोक्यात जातं!

मी तसाच उठलो आणि काकांकडं गेलो, तापबीप काही नव्हता, टोपी घालून बसले होते. मी तोंडाला येईल ते बोललो. वयाचा मान नाही, काही नाही. काका, तुम्ही म्हातारे झालात, तुमची हाडं पाण्याची झालीत, माझा भाऊ तुमच्या पाया पडायचा... सगळं बोललो. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "एकदा उभो रवलंय रे मी. गिरणीच्या दाराशी. लोक हळूहळू आत जाऊक लागले, मी नाय गेलंय. शब्द दिलेलो म्हणान. घरातली भांडी गेली, बायलेची बुगडी गेली, तरी उभो रवलंय. काय गावला? गिरणीच उभी रवली नाय. आता परत उभो रव म्हणतंस... पाय नाय रे रवले झिला."

मी भांडायला गेलो होतो हो! भांडायला गेलेल्या माणसाला असं काही सांगायचं असतं काय? मला धड रागवता पण येईना. मीच त्यांच्या पायाला तेल चोळून आलो, वर!

वकिलाकडं गेलो. चंद्रप्रकाश वकील म्हणाले, "हं. म्हणजे विटनेसेस हॅव बॅक्ड आउट." मी म्हटलं, म्हणजे? म्हणाले, "बॅक आउट. बॅक आउट केलं त्यांनी." म्हटलं, मराठीत? म्हणाले, "तेच रे... बॅक आउट." म्हटलं, बरं, मग आता ह्याच्या उलट करायला कुणाला सांगायचं? त्याला काय म्हणतात? तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं, ते मघाशी सांगितलं.

आणि योगायोग बघा, त्याच दिवशी मला मुलुंडला एका बिल्डिंगमध्ये ग्रिल बसवायला जायचं होतं, तिथं सुहासिनीबाई म्हणून आहेत, इंग्लिशची ट्यूशन घेतात. मी खिडकीत ड्रिल मारतोय आणि पोरं आतमध्ये घोकतायत, ह्याचा समानार्थी, त्याचा विरुद्धार्थी. मी ड्रिल बंद केलं. म्हटलं, बाई, बॅक आउटला समानार्थी काय? बाईंना आनंद झाला, ग्रिलवाला इंग्लिश विचारतोय! पटापट सांगितलं, विथड्रॉ. म्हटलं, ती तर बँकेतली स्लिप. म्हणाल्या, तेच, काढून घेणं. मला अंबादास आठवला, एकेक करून डोळे काढून घेणारा. मग म्हणाल्या, रिट्रीट, म्हणजे सैन्य मागं फिरतं ते. म्हटलं, हे दशरथकाका, लढून आलेला माणूस आहे, त्यांना हा चांगला शब्द द्या. पुल आउट, म्हणाल्या. मी म्हटलं, हा टमरेलवाला! पोरं हसायला लागली, मी पण हसलो, कित्येक दिवसांनी हसलो असेन. मग विचारलं, बाई, आता ह्याचा विरुद्धार्थी? बाई म्हणाल्या, "तो वाक्यावर असतो. वाक्य सांग, म्हणजे सांगते." मी वाक्य सांगितलं. म्हटलं, माझा भाऊ मशिनीत गेला आणि बघणाऱ्या तिघांनी बॅक आउट केलं. आता सांगा.

बाईंनी पुस्तक मिटलं. पोरांना म्हणाल्या, चला, आज लवकर जा. आत गेल्या आणि चहा आणला. बशीत दोन बिस्किटं पण होती. शब्द नव्हता.

मग तारखेचा दिवस उगवला. वकील, मी आणि वहिनी. मी ठरवलं होतं, कुणी नाही तर नाही, मी ओरडेन, साहेबाच्या टेबलावर हात आपटेन, भाऊ आहे मी त्याचा! वकील म्हणत होते, तू तिथं नव्हतास, तुझं बोलणं धरत नाहीत. म्हटलं, धरू देत नाहीतर सोडू देत, मी बोलणार. साहेबानं नाव पुकारलं. मी तोंड उघडणार एवढ्यात वहिनी उभी राहिली. पदर नीट केला. म्हणाली, "साहेब, माझी काय तक्रार नाही. मागे घेते."

वहिनी!

अहो, तिघं गेले ते समजू शकतो, ते परके. पण ही? ही तर त्याची... मी बाहेर येऊन कॉरिडॉरमध्येच सुरू झालो, वहिनी, हे काय केलंस तू? तुझ्या नवऱ्याच्या नावानं खोटं लिहिलंय ते तसंच राहणार आता! चपराशी बाहेर येऊन म्हणतो, "ए, हळू." मी म्हटलं, तू गप रे! वहिनीनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "भावजी, काल दुपारी तिघांच्या बायका आल्या होत्या. बसल्या. कुणी काही मागितलं नाही. जयवंताच्या बायकोनं लसूण सोलून दिला मला. तिघींना माहीत आहे खरं काय. मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. साहेबाला सांगितलं तर गाळ्याला सील लागेल, आणि तीन घरं बसतील घरी." मी म्हटलं, बसू देत! तर म्हणाली, "आणि नाही सांगितलं तर त्यांचे नवरे उद्या परत त्याच पट्ट्यापाशी उभे राहणार. जाळी अजून भंगारातच आहे. त्याचं काय ते बघा. चाळीत एक पांढरं कपाळ पुरे."

आणि चालायला लागली. मी मागनं.

आता तुम्ही सांगा, तिनं काय केलं? बाईंनी सांगितलेल्या शब्दांत हे कुठल्या शब्दात बसतं? मला तर तिच्यावर रागवायचं होतं, दोन बस सोडल्या मी रागवायसाठी, जमलंच नाही!

मग काय केलं माहीत आहे? आपल्याला दुसरं येतं काय? जाळी! आमच्या दुकानात तुकडे पडलेले असतात सळयांचे, ते जमवले आणि बनवली. आता आमच्याकडं फर्मा एकच, तुम्हाला कॅटलॉगमध्ये दाखवला तो, उगवता सूर्य आणि किरणं. तर पट्ट्याच्या जाळीवर पण उगवता सूर्य आला. येऊ दे! घेऊन गेलो साकीनाक्याला. नंदकुमारशेठ केबिनमधून बाहेर. "काय आणलंस?" म्हटलं, जाळी. "कुणी सांगितली?" म्हटलं, कुणी नाही. "पैसे?" म्हटलं, फुकट. "मग लाव की, उभा काय राहिलास!" बघा, फुकट म्हटल्यावर हा माणूस कधी मागं हटत नाही! दशरथकाका मशिनीवर खाली मान घालून. अंबादासनं पाना दिला. जयवंत, टमरेल नव्हतं म्हणून, नुसताच मागच्या दारानं गेला. लावली. चार बोल्ट. घट्ट.

पुढच्या आठवड्यात सहज बघायला गेलो. तर जाळी कुठं? कोपऱ्यात, भंगारात! माझा उगवता सूर्य उताणा! म्हणे पट्टा सारखा उतरतो, सारखी कोण खोलणार? अरे, तुमच्यासमोर माणूस गेला ना रे! तुमच्यासमोर! तुम्हाला सांगतो, डोकं असं सटकलं, दुकानात जाऊन वेल्डिंगचं मशीन हातगाडीवर घालून आणलं आणि बोल्टबिल्ट काही नाही, जाळी सरळ वेल्डिंगनं मारून टाकली लोखंडाला. चारही बाजूंनी. म्हटलं, आता काढा! आता काढून दाखवा!

काढता येईना. पण पट्टा काय ऐकतोय? तो उतरला! आता चढवायचा कसा? तर गाळ्यातला चहावाला पोरगा धावत आमच्या दुकानात, "बाळादादा, चला, पट्टा उतरला." गेलो. मोटर बंद करायला लावली, मोटर चालू असताना वेल्डिंगवाला हात लावणार नाही म्हटलं, रूल आहे. रूलबिल काही नाही हो, पण मी दरडावून सांगितलं. जाळी कापली, पट्टा चढवला, परत वेल्डिंग मारलं, आलो. दोन दिवसांनी परत पोरगा. परत गेलो. परत मोटर बंद, परत कापा, परत मारा. आमचा शेठ माझ्यावर भडकला, "तू आमच्याकडं कामाला आहेस की साकीनाक्याला?" म्हटलं, माझं मलाच कळेना! नंदकुमारशेठ तिकडून ओरडतो, दर वेळी मशिनी बंद, माझं नुकसान! म्हटलं, मग काढा जाळी, तुम्हीच कापा. तो परत केबिनमध्ये. आणि ते तिघं... आता मोटर बंद झाली की बसायला मिळतं ना, तर मी कापत असताना बाजूला येऊन बसायचे. काका तमाखू मळायचे. अंबादास दोन्ही डोळ्यांनी बघायचा. जयवंत पण यायला लागला, पाणी द्यायचा. कुणी सहदेवचं नाव काढत नाही. मी पण नाही. कामाचंच बोलतो, इकडं धर, तिकडं धर. एकदा अंबादास हळूच म्हणाला, "सहदेवला पण असंच मोटर बंद करून..." आणि मध्येच थांबला. मी म्हटलं, बोल ना. तर म्हणतो, "काही नाही, धरतो मी."

हे असं किती दिवस चालणार हो? आणि एवढं सगळं कशामुळं? तर पट्टा जुना म्हणून! नवा पट्टा घातला तर उतरायचा प्रश्नच नाही. नंदकुमारशेठ आणतोय? वाट बघा! शेवटी परवा मीच कुर्ल्याला गेलो आणि नवा पट्टा आणला. साकीनाक्याला गेलो, मोटर बंद करायला लावली, जाळी कापली. तिघं आले मदतीला. जुना पट्टा काढला, तो मी गोळा करून पोत्यात घातला, तिथं राहू दिला नाही. नवा चढवला. काकांनी अंगठा दाबून बघितला, चांगला ताठ. मग जाळी परत बसवली आणि वेल्डिंग मारलं, ह्या वेळी डबल, कुठं फट नाही. म्हटलं, करा चालू. चालू केली. असा काय फिरला तो पट्टा, आवाजसुद्धा नाही! अंबादास एकदम खूश. म्हणतो, "बाळा, आता हा काय चार वर्षं उतरत नाही बघ! आता तुला यायचं कामच नाही!"

मी म्हटलं, हो की. आता यायचं काम नाही.

मग केबल गुंडाळली, वेल्डिंगचं मशीन गाडीवर चढवलं. तिघांनी हात लावला चढवायला. आणि जाता जाता जयवंताच्या शर्टाच्या बाह्या, अशा लोंबत होत्या, त्या कोपराच्या वर दुमडून दिल्या, आणि निघालो.